एकाच हाताचे टाके

शिवणबाईंच्या नजरेसमोर कपडा यावा आणि त्यांनी त्यावर काही बोलू नये, असं सव्वीस वर्षांत कधी झालं नव्हतं. बसमध्ये शेजारी बसलेल्या अनोळखी माणसालाही त्या सांगणार, "तुमची कॉलर उलटी बसवलीय हो शिंप्याने, घ्या पैसे परत." लोक हसायचे, काही चिडायचे. बाईंना त्याचं सोयरसुतक नव्हतं.

सरकारी शाळेच्या तळमजल्यावर, जिन्याखालच्या लांबट खोलीत त्यांचा शिवणाचा वर्ग भरायचा. आठ मशिनं, त्यातली पाच चालू. मधोमध कापायचं टेबल, कोपऱ्यात चिंध्यांचं खोकं. हजेरीपटावर त्यांचं नाव होतं, पण हेडसरांपासून शिपायापर्यंत सगळ्यांच्या तोंडी शिवणबाईच बसलं होतं. लग्न केलं नाही. का, म्हणून कोणी खोदून विचारलंच तर म्हणायच्या, "माप जुळलं नाही!" आणि स्वतःच खो खो हसायच्या. भाऊ गेल्यापासून दोन खोल्यांत त्या आणि वहिनी, दोघीच राहत. वहिनी कमी बोलायची आणि नेमकं बोलायची, त्यामुळे घरात बाईंचं काही चालत नसे.

बाईंचा एक खेळ होता. मुलांनी शिवलेले नमुने गोळा करायचे, त्यावर नावं घालू द्यायची नाहीत, आणि मग एकेक तुकडा उचलून ज्याचा त्याला परत करायचा. "हा दोरा ओढून ओढून मारलाय, तो तुझा. ही सुई घाबरत घाबरत घातलीय, ही तू." एकदाही चूक नाही! मुलं टाळ्या पिटायची आणि बाईंची छाती फुगायची. खोटं कशाला बोला, या एका गोष्टीचा त्यांना भारी गर्व होता.

त्या सगळ्या हातांत त्यांचा लाडका हात एकच होता. दहावीतल्या एका किडकिडीत मुलीचा, जिला सगळा वर्ग काडी म्हणायचा. काडी डावखुरी. आधीच्या शाळेत तिच्या डाव्या हातावर पट्ट्या मारून झाल्या होत्या. शिवणबाईंनी तिला शेजारी न बसवता समोर बसवलं, म्हणजे आरशात बघून करावं तसं तिला करता येईल. दोन वर्षांत पोरगी अशी तयार झाली की तिची हातशिलाई बघून बाईंचा स्वतःचा जीव थोडा जळायचा. काडीची आई लाँड्रीत इस्त्री करायची. मुलीने दहावी व्हावं आणि तंत्रशाळेत कपडे बेतायचा अभ्यासक्रम घ्यावा, एवढं एकच तिने धरून ठेवलं होतं. प्रवेशाचा अर्जसुद्धा बाईंनीच आणून दिला होता.

आता झालं काय ते ऐका. थंडीचे दिवस होते. शाळेचा नियम असा, की स्वेटर घालायचा तर निळाच, आणि त्यावर शाळेचा बिल्ला हवा. काडीच्या बाकावरची मुलगी भावाचा तपकिरी स्वेटर घालून आली. आधीच खोकत होती. पर्यवेक्षकांनी फाटकातच तो काढून घेतला. पोरीने दिवसभर पातळ शर्टात, फुटक्या खिडकीपाशी काढला, दुसऱ्या दिवशीही तसाच. तिसऱ्या दिवशी न्यूमोनिया होऊन दवाखान्यात. नाकात नळी घातली म्हणे.

पुढच्या सोमवारी सकाळच्या रांगेत दहावीची अडतीस मुलं उभी राहिली, ती प्रत्येकाच्या खिशावर तपकिरी कापडाचा चौकोन शिवलेला. नेमका बिल्ल्यावर! घोषणा नाही, गोंधळ नाही, चिठ्ठीचपाटी नाही. नुसती उभी.

हेडसर तसा वाईट माणूस नव्हता, पण भित्रा. शुक्रवारी वरून तपासणी यायची होती. गणवेशावर बिल्ल्याखेरीज काही लावायचं नाही, हे नियमावलीत छापलेलं. "आज तपकिरी लावलं, उद्या कोणी आणखी काही लावेल," ते म्हणाले. एकेका मुलाला बोलावून विचारलं, कोणी शिवलं? अडतीस मुलांचं उत्तर एकच: "मी शिवलं, सर." आता अडतीस जणांना काढून शाळा चालवायची कशी? सर अगदी मेटाकुटीला आले. सगळ्यांना ताकीद द्यावी आणि विषय संपवावा, इथवर आले होते.

आणि नेमक्या तेव्हा शिवणबाई मशीनचं तेल मागायला कार्यालयात शिरल्या. चौकोनांची गडबड त्यांच्या कानावर आली होती, जवळून मात्र त्यांनी एकही पाहिला नव्हता. टेबलावर काढून घेतलेले चार-पाच शर्ट पडले होते. पर्यवेक्षक म्हणाले, "बाई, हे मशीनवरचं काम दिसतंय. बाहेरच्या कोणीतरी शिंप्याकडून करवून पोरांना चिथावलंय. खरं ना?"

मशीनवरचं! बाईंनी शर्ट हिसकावलाच. "अहो, काहीतरीच काय! डोळे आहेत की बटणं? हातशिलाई आहे ही, हातशिलाई! शिंपी कशाला मरायला बसतोय असं. आणि हे बघा, हाही, हाही, सगळे एकाच हाताचे टाके. कल उलटीकडे आहे, दिसला? डावा हात. माझ्याच हाताखाली तयार झालाय, म्हणून तर एवढा..."

पर्यवेक्षकांनी शांतपणे पेनाचं टोपण काढलं होतं.

"दहावीत डावखुरी मुलं किती, हेडसर?"

एकच होती.

तेलाची बाटली तिथेच विसरून बाई आपल्या वर्गात येऊन बसल्या. पोरांना बाहेरच्याने फितवलं नाही, एवढंच सांगायचं होतं हो त्यांना! घरी आल्यावर वहिनीला सांगताना रडूच कोसळलं. वहिनीने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुझी जीभ ना, एक दिवस कोणाचा तरी घात करणार होती. केला. आता रडतेस काय? निस्तर."

पण निस्तरणार कसं? काडीला कार्यालयात बोलावलं, तिने तेच सांगितलं: "आम्ही सगळ्यांनी शिवलं." एकमेकांना शब्द दिला होता त्यांनी. हेडसरांनी गुरुवारी शाळा समितीची बैठक लावली. शिस्तभंग ठरला तर नाव कमी करायचं. दहावीच्या फॉर्मवर हेडसरांची सही लागायची, आणि फॉर्मची मुदत त्याच दिवशी संपत होती. सही नाही तर परीक्षा नाही, परीक्षा नाही तर तंत्रशाळा नाही. काडीविरुद्ध पुरावा म्हणून काय होतं? शिवणबाईंचं तोंड. बाकी काही नाही.

तीन दिवस बाईंना धड जेवण गेलं नाही. वर्गात काडी समोर असायची, नेहमीसारखी मान खाली घालून काज करत. बाईंना एका शब्दाने बोलली नाही. रागाने पाहिलंही नाही. त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

गुरुवारी दुपारी बैठक भरली. टेबलामागे समितीचे अध्यक्ष, हेडसर, पर्यवेक्षक. दारापाशी काडी आणि तिची आई, लाँड्रीतून तशीच धावत आलेली. हेडसरांच्या पुढ्यात फॉर्म होता, आणि त्याच्या शेजारी एक शर्ट.

"बाई, तुमचं म्हणणं समितीला सांगा," अध्यक्ष म्हणाले.

शिवणबाई उभ्या राहिल्या. रात्रभर घोकलेलं वाक्य एका दमात बोलून मोकळ्या झाल्या. "ते सगळे चौकोन मी शिवले."

आईने चमकून वर पाहिलं. पर्यवेक्षक हसले. "तुम्ही? डाव्या हाताने?"

"मला दोन्ही हातांनी येतं. शिकवायला लागतं."

"बाई," अध्यक्ष सावकाश म्हणाले, "दीड वर्षात निवृत्त होताय. समितीपुढे खोटं बोललात असं निघालं, तर मला ते नोंदवावं लागेल. नोकरीवर येईल."

"खोटं कशाला बोलू?"

"मग शिवून दाखवा."

पर्यवेक्षकांनी सुई, दोरा, पांढऱ्या कापडाचा तुकडा आणि तपकिरी चौकोन, सगळं तयारच ठेवलं होतं. शिवणबाई खुर्चीवर बसल्या. सुई डाव्या हातात घेतली. आयुष्यभर पोरांना ठासून सांगितलं होतं, घाबरायचं नाही, सुईला कळतं. आणि आता त्यांचीच बोटं लाकडाची झाली होती. पहिला टाका लांबला, दुसरा सरळ गेला, तिसऱ्याला दोरा गुंतला. उजवा हात मध्येच पुढे यायचा, त्या त्याला मागे ढकलायच्या. चौथ्याला सुई बोटात घुसली आणि पांढऱ्या कापडावर रक्ताचा ठिपका पडला. बाईंनी बोट तोंडात घातलं आणि पुन्हा सुई धरली. लाज अशी वाटत होती की मान वर होईना, पण थांबायला त्या तयार नव्हत्या.

"पुरे आता," अध्यक्ष म्हणाले आणि त्यांनी नोंदवही पुढे ओढली.

"बाई, द्या इकडे."

काडी टेबलापाशी आली होती.

"मागे हो!" शिवणबाई ओरडल्या. "तुला कोणी विचारलंय? जा, आईपाशी जाऊन उभी राहा!"

"पोरी, थांब गं," आई म्हणाली. "फॉर्म आहे तुझा तिथे."

काडीने बाईंच्या बोटांतून सुई सोडवून घेतली. आधी गुंता सोडवला, बाईंचे चारही टाके उसवले, रक्ताचा डाग आतल्या बाजूला दुमडला आणि उभ्याउभ्याच शिवायला लागली. खोलीत दोऱ्याचा आवाज तेवढा येत होता. शिवणबाईंना तिचा हात धरायचा होता, पण सुई चालू असताना कोणाचा हात धरायचा नाही ही सवय इतकी जुनी, की त्या नुसत्या बघत राहिल्या. देवा रे, त्या घटकेलाही त्यांची नजर टाक्यांवरच होती. एकही वेडावाकडा नव्हता.

चौथी बाजू संपली. काडीने गाठ मारली, कापड त्या शर्टाशेजारी नीट ठेवलं.

"झालं," ती अध्यक्षांना म्हणाली. "आता बाईंचं काही लिहू नका."

हेडसरांनी दोन्ही शिलायांकडे एकवार पाहिलं. मग पुढ्यातला फॉर्म उचलला, आणि सही न करताच पर्यवेक्षकांच्या हातात दिला.