पिंडापुढचं आश्वासन

आमच्या वॉर्डात मयत झालं की रडणाऱ्यांच्याही आधी नगरसेवक पोचतात. मी शाळेत होतो तेव्हापासून तेच आहेत. पक्ष बदलले, गाड्या बदलल्या, पण जोडलेले हात काही सुटले नाहीत. झोपेतही हात जोडूनच असावेत.

नानाकाकांच्या दहाव्याला ते गोदाघाटावर हजर होते. पिंड मांडले, पण कावळा शिवेना. चुलतभावानं आईला सांभाळायचा शब्द दिला, तरी कावळा कठड्यावरच. शेवटी साहेब पुढे झाले. दारात तुंबणाऱ्या गटारीसाठी काका हयातभर त्यांच्यामागे फिरले होते. पिंडाला हात जोडून साहेब म्हणाले, "नाना, गटारीचं काम लगेच करून देतो."

कावळा उडून पार पलीकडच्या झाडावर जाऊन बसला.

तेव्हा काकू कडाडली, "अहो, यांना पुन्हा मत देणार नाही, बास? या आता!"

कावळा सरळ खाली आला आणि भातावर तुटून पडला. काकूलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं. साहेबांनी जोडलेल्या हातांनीच तिची समजूत काढली, "वहिनी, मनावर घेऊ नका. असली आश्वासनं कोण पाळतं?"