मोगरा फुलावर असताना

साहेबांची जीप फाटकातून आत आली की आमची अख्खी कचेरी उठून उभी राहायची. शिपाई, कारकून, हेडक्लार्क, चहा घेऊन आलेला हॉटेलवालासुद्धा. कचेरीच्या बागेचे माळी, आमचे मालीमामू, तेवढे उठायचे नाहीत. हात मातीत असले की ते मान वर करून एकदा बघत आणि पुन्हा खुरपं चालवत. नवा साहेब आला की पहिल्या आठवड्यात हेडक्लार्क त्यांना बोलावून समज देत. मामू सगळं ऐकून घेत, "व्हय जी" म्हणत आणि दुसऱ्या दिवशी जीप आली की तसेच बसलेले असत. मी एकदा विचारलंच. म्हणाले, "हात धुऊन उठंपर्यंत साहेब खुर्चीवर जाऊन बसतो, बाई. मग उठू कुणासाठी?"

ही गोष्ट निजामाचं राज्य संपवणाऱ्या पोलीस ॲक्शनला वीस-बावीस वर्षं झाली होती तेव्हाची. शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं. मी वैजापूरकडच्या शेतकऱ्याची मुलगी, नुकतीच टायपिस्ट म्हणून लागलेली आणि सगळ्यांना घाबरणारी. साहेबांना, हेडक्लार्कना, टाइपरायटरच्या घंटीलासुद्धा. मामू त्या कचेरीत निजामाच्या अमदानीपासून होते. पोलीस ॲक्शननंतर फाटकावरची उर्दू पाटी उतरली, मराठी चढली, फायलीही मराठी झाल्या. मामूंचा थोरला भाऊ घरदार उचलून हैदराबादेला गेला, यांनाही चल म्हणाला. हे गेले नाहीत. मराठी ते घडाघडा बोलत, पण लिहिता-वाचता येई ते उर्दूच. पगाराच्या कागदावर आम्ही बोट ठेवलं की तिथे ते उजवीकडून डावीकडे वळणदार सही करत. वर काय लिहिलंय ते कधी विचारत नसत.

कचेरीच्या पायऱ्यांच्या दोन्ही अंगांना मोगऱ्याच्या तीस कुंड्या होत्या. मातीच्या, शेवाळलेल्या, दोन-चार तर तारेने आवळून बांधलेल्या. संक्रांत झाली की मामू त्यांचं पाणी तोडत. झाडं खराट्यासारखी दिसायला लागत आणि येणारेजाणारे हळहळत, की माळी झोपा काढतो. मामू उरलीसुरली पानंही ओरबाडून टाकत, फांद्या छाटत आणि मग एकेक कुंडी आडवी करून तिचं बूड बघत. भोकातून मुळं बाहेर डोकावत असली, तर त्या झाडाची कुंडी बदलायची पाळी आली. नसली, तर तीन वर्षं होऊन गेली तरी तिला हात लावायचे नाहीत. हेडक्लार्कना सगळ्याची तारीख लागे. मामू म्हणत, "तारीख तुमच्या फायलीला ठिवा. मी बूड बघून सांगतो."

कुंडी बदलताना त्यांच्याशी बोलायची सोय नसे. आदल्या सांजेला पाणी दिलेलं असे. कुंडी उपडी धरून तिचा काठ पायरीवर दोनदा हलकेच आपटला की मातीचा अख्खा गड्डा हातात येई. त्याच्याभोवती गरगर फिरलेली मुळं ते कोयत्याच्या टोकाने सोडवत, वाळकी आणि वेटोळी कापून टाकत. नवी कुंडी जुनीपेक्षा दोन बोटंच मोठी. भोकावर खापरीचा तुकडा पालथा. तांबडी माती, चांगलं कुजलेलं शेणखत आणि नदीची वाळू. झाड आधी जितकं खोल होतं तितकंच बसवायचं, माती अंगठ्याने दाबायची, वर दोन बोटं जागा पाण्याला सोडायची. मग आठ दिवस कडुनिंबाच्या सावलीत. नवा फुटवा दिसेपर्यंत खत नाही, कितीही प्रेम उतू जात असलं तरी. हे सगळं त्यांनी मला मुद्दाम शिकवलं नाही. डबा खाता खाता मी बघत बसे, एवढंच.

आणि बघूनही शिकले नाहीच. पहिल्याच वर्षी मी त्यांच्याकडून मोगऱ्याचं एक रोप घेतलं. आमच्या शेताच्या काळ्या मातीचा मला कोण अभिमान! वडिलांना सांगून एसटीने तिचं पोतं मागवलं, तेलाचा मोठा डबा पत्र्यावाल्याकडून कापून घेतला आणि काठोकाठ भरला. वैजापूरची कापूस पिकवणारी माती, तिच्यापुढे मामूंची वाळू-खापरी काय! महिन्याभरात रोप पिवळं पडून मेलं. मामू माझ्या खोलीवर आले, बोटाने माती उकरली आणि पोट धरून हसले. "बाई, ही माती वावरात लई चांगली. तिथं तिला पसरायला जागा असती. डब्यात पाणी घालशीला तर चिखल, नाय घातलं तर दगड. आन् एवढुशा रोपाला एवढा रांजण? त्याची मुळं पाण्यातच बुडाली की." शेतकऱ्याच्या मुलीला मातीवरून हसलेलं झोंबतं. मी आठवडाभर त्यांच्याशी बोलले नाही. आठवड्याने टेबलावर दुसरं रोप आलं, योग्य त्या कुंडीत.

त्यांच्या नोकरीचे शेवटचे पाच-सहा महिने राहिले होते तेव्हा एक नवे साहेब आले. माणूस वाईट नव्हता. टापटिपीचा होता, आणि टापटिपीच्या माणसाला एकदा भूत लागलं की तो कुणाचं ऐकत नाही. ऐन उन्हाळ्यात, मोगरा भरभरून फुललेला असताना, वरच्या साहेबांच्या तपासणीचं पत्र आलं. लगेच ट्रक भरून सिमेंटच्या कुंड्या आल्या, पांढऱ्या रंगाच्या, निळ्या पट्ट्यांच्या, हंड्याएवढ्या. हुकूम निघाला की सोमवारच्या आत सगळा मोगरा जुन्या कुंड्यांतून नव्यांत घ्यायचा.

"फुलावर आलेलं झाड हलवत नाय," मामू म्हणाले.

"मी सांगतोय," साहेब म्हणाले.

"तुम्ही सांगताय ते ऐकलं साहब. झाड ऐकणार नाय. माघात सांगा, एका दिसात तीस बदलतो."

त्यांना लेखी मेमो मिळाला. हुकूम मोडल्याबद्दल चोवीस तासांत खुलासा करा. तो मेमो टाइप केला मी, आणि मामू खुलासा लिहून घ्यायला आले तेही माझ्याकडेच. त्यांनी सांगितला, मी सरकारी मराठीत घातला. "सदर मोगरा सध्या कळ्या व फुलांवर असून त्याची सर्व ताकद तिकडे लागली आहे. अशा वेळी मुळांस हात लावल्यास नवीन मूळ फुटत नाही. ऊन कडक आहे. सिमेंटच्या कुंड्या फार मोठ्या आहेत व त्यांस बुडाशी भोके नाहीत. करिता सदर काम संक्रांतीनंतर करण्यात येईल." शेवटी "क्षमा असावी" घालू का, असं मी विचारलं. मामूंनी माझ्याकडे असं बघितलं की मी कागद मशीनमधून काढून घेतला.

त्याच दिवशी मामू सस्पेंड झाले. खुरपं धुऊन, पुसून त्यांनी भांडाराच्या खिडकीत ठेवलं आणि सायकल ढकलत निघून गेले. रविवारी रोजंदारीवरचे गडी आले. त्यांनी कुंड्या कुदळीने फोडल्या, झाडं उपसली आणि कुणाच्या तरी शेतातून आणलेल्या काळ्या मातीत खोचली. सोमवारी झाडं हिरवी होती, मंगळवारी माना टाकलेली. गुरुवारी कळ्या काळ्या पडून पायऱ्यांवर गळत होत्या. शुक्रवारी वरचे साहेब आले, फाईल वाचत वाचत पायऱ्या चढले आणि तशाच उतरून गेले. त्यांनी कुंड्यांकडे बघितलंसुद्धा नाही. पावसाळ्याच्या तोंडाशी तीसच्या तीस झाडं उपटून टाकावी लागली.

आता फायलीत प्रश्न उभा राहिला की झाडं मेली कशाने. साहेबांनी मला आत बोलावलं आणि एक मजकूर सांगितला. "माझ्या हलगर्जीपणामुळे कचेरीच्या झाडांचे नुकसान झाले. त्याबद्दल मी साहेबांची बिनशर्त माफी मागतो." टाइप झाल्यावर म्हणाले, "उस्मानपुऱ्यात त्या माळ्याच्या घरी जाऊन त्याची सही घेऊन या. तीन महिन्यांनी रिटायर होतोय, प्रकरण मिटेल, पेन्शन मोकळी होईल. त्याला मराठी वाचता येत नाही. कामावर परत घेण्याचा कागद आहे म्हणून सांगा. त्याच्या भल्याचंच आहे."

भल्याचं होतं, हे मलाही पटत होतं. म्हणून तर मी निघाले. उस्मानपुऱ्यात त्यांच्या दारात मामी भेटल्या. मी खालच्या आवाजात त्यांना सगळं सांगितलं. मामींनी माझा हात घट्ट धरला. "घेऊन टाक सही, बेटी. उनको कायकू बतानेका? घरात दोन पोरी लग्नाच्या हायेत."

मामू खाटेवर बसले होते. मला बघून त्यांना आनंद झाला. कागद पुढे केला तर त्यांनी नेहमीसारखी लेखणी उचलली आणि विचारलं, "कुठं करू?"

मला फक्त बोट ठेवायचं होतं. दारात मामी उभ्या होत्या. मी आयुष्यात तोवर कुणाला नाही म्हटलेलं नव्हतं, साहेबांना तर नाहीच. पण माझं बोट काही उठेना. मी म्हटलं, "मामू, थांबा. आधी वाचून दाखवते." आणि वाचला.

"हलगर्जी म्हंजे?" त्यांनी विचारलं.

मी अर्थ सांगितला. मामींनी पदर तोंडावर घेतला आणि त्या आत गेल्या. मामूंनी लेखणी खाली ठेवली. मग म्हणाले, "कागद उलटा करा. मागं लिहा. माफी मागतो मी, त्या तीस झाडांची. सस्पेंडचा कागद हातात पडला तवा घरी यायला नको होतं. पायऱ्यांवर बसून ऱ्हायला पाहिजे होतं. ही माझी चूक. साहेबाचा मी काय कसूर केला, ते मला ठाऊक नाय." त्याच्याखाली त्यांनी सही केली, नेहमीपेक्षा मोठी.

मी तो कागद साहेबांच्या टेबलावर ठेवला. "हा माफीनामा आहे?" ते ओरडले. मी म्हटलं, "त्यांनी एवढाच दिलाय. दुसरा मी टाइप करणार नाही." महिन्याभरात माझी अजिंठ्याकडच्या एका आडबाजूच्या कचेरीत बदली झाली.

मामू सस्पेंड असतानाच रिटायर झाले. नारळ नाही, हार नाही, भाषण नाही. पेन्शन कित्येक वर्षं अडकली. तोवर ते सायकलवरून लोकांच्या घरी कुंड्या बदलायला जात आणि फुलावरच्या झाडाची कुंडी बदलून मागणाऱ्याला दारातूनच परत फिरवत. धाकटीचं लग्न लांबलं, ते माझ्या कानावर आलं. मामू वारले तेव्हा मी घरच्यांना भेटायला गेले. सगळं घर माझ्याशी बोललं, मामी मात्र बोलल्या नाहीत. त्यांचा राग खरा होता आणि त्यांच्या जागी मी असते तर मीही बोलले नसते.

लोक मला अजून सांगतात, तू तेव्हा बोट ठेवलं असतंस तर त्या घराचे हाल झाले नसते. नसते झाले, मान्य आहे. या एका गोष्टीने माझी कितीतरी वर्षं झोप खाल्ली आहे. तरी तोच कागद आज कुणी पुन्हा माझ्या हातात दिला, तर मी पुन्हा वाचून दाखवीन, पहिल्या ओळीपासून, दारात कुणीही उभं असलं तरी.