गादी खाली टाकणारी सिस्टर

दोन हजार एकोणीस साली मी एकसष्ट वर्षांचा होतो, अकोटच्या वर डोंगराच्या पायथ्याशी एका दवाखान्याच्या गेटावर बसत होतो, आणि सांगतो, आमच्या सिस्टरइतकी उलट्या डोक्याची बाई मी जन्मात पाहिली नाही. मी चौथी शिकलो, पण नियम मला सारे पाठ. तिला एकही नाही. मेळघाटातून कोरकू बाया उतरल्या की ही त्यांच्याशी कोरकू बोले, ते इतकं वाईट की कळा देता देता बाया हसत. तांबी बसवायची का, ऑपरेशन करायचं का, हे ती बाईलाच विचारी. नवरा मध्ये बोलला की त्याला चहा आणायला पाठवी, सासू बोलली की सासूलाही. एकदा डॉक्टरसाहेबांनाच पाठवलं. साहेब गेलेही.

एका सकाळी एक कोरकू पहिलटकरीण आली. सोबत सासू आणि गावची म्हातारी दायी. पेशंटमागे एकच माणूस, म्हणून दायीला मी अडवलं. ती लिंबाखाली जाऊन बसली. तासाभरानं सिस्टर अनवाणी धावत आली.

"मामा, पोरगी टेबलावर चढेच ना! मी सुई भरून राहिली होती, तं मागच्या दारानं निघून गेली. तिच्या दायीले काहून अडवलं?"

"नियम हाय, सिस्टर."

"नियमाले कळा येतात का, मामा?"

मी सायकल काढली. पोरगी डोंगराच्या रस्त्यावर पळसाला धरून उभी, पायावर रक्ताचे ओघळ. मी सायकल तिथंच टाकली. ऑटो थांबवून तिला परत आणलं. सिस्टरनं दायीला आत बोलावलं, माझ्याकडून गादी खाली ओढून घेतली, खिडकीच्या गजाला लुगडं बांधलं. पोरगी ते धरून उकिडवी बसली, मागून दायीनं कंबर आवळली, आणि सिस्टरनं मला बाहेर हाकललं.

आत दायी काहीबाही गुणगुणे, सिस्टर ओरडे. फोडलेली सुपारी हातातच राहिली. दुपारी बाळ रडलं, तरी दार उघडेना. शेवटी सिस्टर आली. "रक्त थांबत नोतं. दायीनं पोट चोळलं, मी सुई देल्ली. मायलेकी दोघी जित्या हायेत. बसा मामा, पडसान." रागावली असती तर बरं झालं असतं.

पुढं तिची बदली झाली. कुठं, ते कोणी नीट सांगत नाही. नवी सिस्टर चांगली आहे, नियमाची आहे; मलाच करमत नाही.

त्या बाळंतपणाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दायी एकटीच पुढं गावी निघाली. हातात फडक्यानं बांधलेलं मडकं. त्यांच्यात बाळाची वार घराच्या दाराशी पुरतात, म्हणून सिस्टरनं ती जपून त्या मडक्यात दिली होती. गेटावर गाठोडी उघडून पाहणं माझं काम. दायी आपणहून गाठ सोडू लागली.

"राहू दे, माय," मी म्हणालो, आणि मडकं दोन्ही हातांनी धरून रस्त्यावरच्या गावाकडच्या जीपपर्यंत नेऊन दिलं.