शेवटचा प्रतिवादी

आमचे दाजी, म्हणजे ताईचे यजमान, वकिलांचे काळे कोट शिवतात. दुकान कोर्टासमोरच. गिऱ्हाइकाचं बोलणं या कानाने घ्यायचं आणि त्या कानाने सोडून द्यायचं, हा त्यांचा बाणा. शिंप्याने मापं लक्षात ठेवावीत, भानगडी नाहीत, असं ते मोठ्या तोऱ्यात सांगत. या तोऱ्यानेच त्यांचा घात केला.

जन्मभराची पुंजी घालून त्यांनी दोन खोल्यांचं घर घेतलं. राहायला गेल्यावर कळलं, की विकणाऱ्यावर त्याच्या बहिणीने याच घरासाठी आधीच दावा लावलाय. दाजी हबकले. मग अर्ज केला, की घर आता माझं आहे, मलाही दाव्यात सामील करून घ्या, माझं म्हणणं ऐका.

बहिणीचा वकील उठला. अंगात दाजींनीच शिवलेला कोट. म्हणाला, "यांना सगळं ठाऊक होतं. कोटाचं माप देताना मीच सांगितलं होतं, की भाऊ घर परस्पर विकायला निघालाय."

न्यायाधीशांनी दाजींकडे पाहिलं.

"सांगितलं असेल साहेब," दाजी म्हणाले. "मी ऐकत नसतो."

सगळं कोर्ट हसलं. मला मात्र त्यांचा असा राग आला, की तिथेच त्यांना गदागदा हलवावं. खोटं बोलता येत नव्हतं, तर निदान गप्प तरी बसायचं!

तरी अर्ज मंजूर झाला. दाजी शेवटचे प्रतिवादी. मात्र विकणाऱ्याचा जेवढा हक्क, तेवढाच तुमचा, हे न्यायाधीशांनी बजावलं. ताईला कोण आनंद झाला. आता आपलं घर जात नाही, असं ती शेजारणींना सांगत सुटली.

विकणारा पैसे घेऊन केव्हाच पसार झाला होता. त्याच्या वाटची तारीख न् तारीख दाजींनीच झेलली, दुकान बंद ठेवून. शेवटी निकाल लागला. बापाने घर लेकीच्या नावावर केलं होतं. भावाचा त्यात हक्कच नव्हता, मग दाजींचा कुठून असणार?

चावी घ्यायला ती बहीण स्वतः आली. बाई वाईट नव्हती. अगदी मनापासून म्हणाली, "तुम्ही आपणहून दाव्यात आलात, फार बरं झालं. नाहीतर तुम्हाला बाहेर काढायला मला पुन्हा वेगळं भांडावं लागलं असतं."

दाजींनी मान डोलावली आणि चावी दिली.

ती गेल्यावर ताईने विचारलं, "मग इतकी वर्षं आपण कोर्टात कोणाचं काम करत होतो?"