ओव्हन वहिनीने निवडला होता

काल, रविवारी, संध्याकाळी पाच वाजून वीस मिनिटांनी, अमरावतीत, भरसभेत, माझ्या वहिनीचा ओव्हन माझ्या भावाच्या नावावर करण्यात आला.

सभा वहिनीच्याच शोकसभेची होती. ती बुधवारी गेली.

महिला मंडळाच्या अध्यक्षबाई माइकवर म्हणाल्या, "वकीलसाहेबांनी हौसेने पत्नीला ओव्हन आणून दिला, आणि त्यातूनच सुमनताईंचे बेकिंग क्लास उभे राहिले."

सगळ्यांनी माना हलवल्या. मी नाही हलवली.

आता हेच वाक्य मंडळाच्या अंकात छापणार आहेत म्हणे. म्हणून हे लिहिते आहे.

साठ सालच्या आसपासची गोष्ट. मी कॉन्व्हेंटमध्ये आठवीत होते. वहिनी मोर्शीकडची, संत्र्याच्या बागेतून थेट आमच्या वकिली घरात आलेली.

पहिल्याच वर्षी तिला टायफॉईड झाला. डॉक्टरांनी दूध-डबलरोटी सांगितली.

तेव्हा आमच्याकडे ब्रेड म्हणजे आजाऱ्याचं खाणं. धडधाकट माणूस तो खात नसे. हातात पुडकं दिसलं की लोक रस्त्यात थांबवून विचारत, "घरी कोण बिमार आहे?"

वहिनीला तो ब्रेड फार आवडला.

आणि मग ती बरी झाली.

ब्रेड बंद!

पुढे एकदा तिने चक्क तापाचं सोंग केलं. आईने तिच्या कपाळाला हात लावून पाहिला, आणि कडूजहर किराईताचा काढा आणून समोर ठेवला.

वहिनीने तो निमूट प्यायला. मी हसून हसून पडले.

"हास, बेबी, हास," ती म्हणाली. "चांगल्या मानसानं खाल्ली तं का रोटी चावते?"

मी तिला सांगितलं, आमच्या सिस्टर ब्रेड कॉन्व्हेंटच्या किचनमध्येच करतात.

"बाया करतेत?"

"बायाच."

त्यावर ती बराच वेळ तांदूळ निवडत राहिली.

आठवड्याभरात तिने दादाला सांगितलं, मला ओव्हन पाहिजे. दादा भला माणूस, लगेच तयार झाला. त्याची अकोल्याला कोर्टाची तारीख होती, तिथेच दुकानात बघू म्हणाला. शाळेला सुट्टी होती, म्हणून मीही गेले.

दुकानात दोन ओव्हन होते.

एक विजेवरचा, मोठा, चकचकीत, काचेच्या दाराचा. दुसरा म्हणजे पत्र्याचा काळा डबा, शेगडीवर ठेवायचा.

दादाचा जीव पहिल्यावर. "हा घेऊ. बैठकीत ठेवू. आल्यागेल्याला दिसला पाहिजे."

वहिनीने त्या मोठ्याला एका बाजूने हात घालून पाहिला. तो हलला नाही.

मग तिने पदर खोचला, काळा डबा दोन्ही हातांनी उचलला आणि दुकानाच्या दारापर्यंत जाऊन परत आली.

दुकानदार हसला. "वहिनीसाहेब, ओव्हन घेऊन राहिल्या का लेकरू?"

"सुमन, ठेव खाली," दादा दबक्या आवाजात म्हणाला. "लोक पाहून राहिले."

"पाहू द्या. मले हाच पायजे."

"अगं, पण काहून? तो एवढा चांगला आहे."

"चांगलाच हाय. पन उद्या आई म्हन्ल्या, सैपाकघरात नको, तं तो कोन उचलन? तुमी कोर्टात. हा मी सोता उचलून अंगनात नेतो."

दादाने वाद न घालता पाकीट काढलं. वकील असून.

मंडळाने ऐकावं. ओव्हन घेताना माझ्या वहिनीने फक्त एवढंच पाहिलं, की हाकलला तर आपल्याला घेऊन जाता येईल का.

आणि झालंही तसंच.

सिस्टरनी मला ओल्या फडक्यात गुंडाळून आंबलेल्या पिठाचा गोळा दिला होता. वहिनीने त्यात रात्री कणीक भिजवली. सकाळी आईने पाहिलं.

"रात्रीचं पीठ? शिळं? माझ्या चुलीशेजारी नको."

"जिलबीचं बी रातचंच असते न, आई."

"जिलबी मी घरी करते का?"

वहिनीने डबा उचलला, मागच्या अंगणात नेला, विहिरीजवळ शेगडी पेटवली.

पहिला ब्रेड खालून करपला, वर मात्र छान तांबूस झाला. वास दोन घरं ओलांडून गेला.

शेजारच्या गोदाकाकू हातात मोसंबी घेऊन धावत आल्या. "कोन बिमार हाय वो, सुमन?"

"कोनीच नाई, काकू."

"मंग रोटी काहून?"

"खावीशी वाटली म्हनून."

काकूंना हे पटेना. पण त्या बसल्या. एक तुकडा खाल्ला. दुसरा मागितला. मीठ कमी आहे म्हणाल्या. तिसरा न मागता घेतला.

तेवढ्यात आई बाहेर आली. कोणाकडे न पाहता लोण्याची वाटी वहिनीजवळ ठेवली आणि तशीच आत गेली.

वहिनी त्या वाटीकडे पाहतच राहिली. डोळे पुसले, आणि धूर लागला म्हणाली.

दुसऱ्या दिवशी काकूंनी आपल्या दोन्ही सुना पाठवल्या. "शिकव यांले."

अध्यक्षबाई, तुमचे बेकिंग क्लास असे उभे राहिले. विहिरीजवळ.

दादाने पैसे दिले, ओझं बसवर चढवलं, आणि आयुष्यभर तो ब्रेड कौतुकाने खाल्ला. त्याचं श्रेय त्याला जरूर द्या. तो असता तर त्याहून जास्त त्यानेही घेतलं नसतं.

अंकात खालील मजकूर छापावा. एकही शब्द न बदलता.

"सुमनताईंनी ओव्हन स्वतः निवडला. घरात कोणीही आजारी नव्हतं. त्यांना ब्रेड आवडत होता."

छापणार की नाही, ते मला लेखी कळवा. तेरवीच्या आदल्या दिवशी, संध्याकाळी पाचच्या आत. फोन करू नये, मी उचलणार नाही.

वहिनी, तू जा निवांत. इथलं मी पाहून घेते.

तुझी बेबी