हरायला बोलावलेली दैवशाला

दैवशाला आमच्या दवाखान्यात पहिल्यांदा आली तेव्हा तिच्या उजव्या हाताची मूठ भरताच्या वांग्यासारखी सुजली होती. आणि जो गडी त्याला कारण होता, तोही तिच्या मागोमाग आला होता, नाकाला गमजा दाबून. उमरग्यात हायवेच्या कडेला आमचा दवाखाना. ट्रकांच्या धडका, धाब्यावरची भांडणं, भावकीची डोकेफोड, सगळ्यांच्या पट्ट्या मी बांधल्यात. पण मारणारी पोरगी शांत आणि मार खाल्लेला गडी हुंदके देतोय, असं एकाच बाकावर मी तोवर पाहिलं नव्हतं.

ती तेव्हा दहावीत होती. बाप महारुद्र मेंढरं राखायचा. कळप हायवे ओलांडत होता म्हणून एक ट्रक थांबला. त्याचा क्लीनर मेंढरं हाकलायच्या निमित्तानं खाली उतरला आणि त्यानं पोरीच्या ओढणीला हात घातला. तिनं एकच ठोसा दिला. गोष्ट एवढीच.

पण गावाला एवढ्यावर भागत नाही. पाठोपाठ रणधीर आला. हा माणूस तंटामुक्ती समितीचा अध्यक्ष, बॉक्सिंगच्या तालुका संघटनेचा सचिव, शाळेच्या कमिटीवर, देवळाच्या कमिटीवर. यातलं एकही काम त्यानं कधी केलेलं नाही, म्हणून तर सगळी पदं त्याला पेलतात. ओढणीबद्दल त्यानं एक अक्षर विचारलं नाही. क्लीनरच्या नाकाकडं बघितलं आणि म्हणाला, "महारुद्रा, पोरगी आवर. बाहेरगावचा माणूस हाय, केस करील. माफी माग."

महारुद्रनं क्लीनरपुढं हात जोडले.

मी दैवशालाच्या मुठीवर बर्फ धरला होता. ती रडली नाही. चपलेच्या तळाला चिकटलेल्या शेणाकडं बघावं तशी ती रणधीरकडं बघत होती. मग तिनं नजर वळवली आणि बापाकडंही तशीच बघितली. त्या माणसाची मान खाली गेली ती दवाखान्यातून बाहेर पडेपर्यंत वर आली नाही.

बाकाच्या टोकाला कल्याणप्पा बसले होते, साखर तपासायला आलेले. मिलिटरीतून रिटायर झालेले, पलटणीकडून बॉक्सिंग खेळलेले, आणि आता हायवेवर टायर रिमोल्डचं शेड चालवणारे. त्यांनी उठून तिची मूठ हातात घेतली आणि आपल्या कानडी वळणाच्या मराठीत म्हणाले, "अंगठा आत घेतलीस यव्वा, म्हणून सुजलंय. अंगठा भायेर ठेवायचं. त्याचं नाक मात्र झकास बसलंय."

रणधीर म्हणाला, "आप्पा, पोरीच्या डोक्यात काय बी भरवू नका."

"तुमच्या डोक्यात भरायला जागा लई हाय, पण तिथं काय टिकत न्हाय," कल्याणप्पा म्हणाले आणि पुन्हा बाकावर जाऊन बसले.

ते दुसऱ्याच आठवड्यात महारुद्रच्या वाडीवर गेले. पोरीला बॉक्सिंग शिकायला शेडात पाठवा म्हणाले. आई गजराबाईनं सरळ विचारलं, "नाक मोडलं तर कोण करून घील हिला?" कल्याणप्पांनी खोटा धीर दिला नाही. "मोडंल बी," म्हणाले, "मग काय करायचं ते ती ठरवंल." गजराबाईनं त्यांना चहासुद्धा विचारला नाही. पण दोन दिवसांनी महारुद्र स्वतः पोरीला घेऊन शेडात हजर झाला. कारण त्यानं मला पुढं कधीतरी सांगितलं. "हात जोडल्यापासनं ती माझ्याशी बोलत नव्हती, सिस्टर. घरात असून नसल्यावानी. शेडाच्या दाराशी सोडलं तवा म्हणाली, आबा, संध्याकाळी न्यायला या."

शेडात जुन्या टायरांना दोरखंड बांधून, पोत्यात रबराचा भुसा भरून कल्याणप्पांनी सगळं सामान घरीच केलं होतं. रबर जळाल्याचा वास, उन्हाळ्यात तापलेले पत्रे. हवा भरायला थांबलेले ड्रायव्हर दात काढत बघत उभे राहायचे. "ए, आमाला बी मार की एक!" असं कुणी म्हटलं की दैवशाला थांबायची, हात पुढं करायची आणि म्हणायची, "या." आलं कुणीच नाही.

दोन वर्षांनी जिल्ह्याची निवड निघाली. वजनाच्या गटात खेळायचं म्हणून आधी वजन. रणधीरनं काटा आणला तो आडतीतला, ज्यावर सोयाबीनची पोती मोजतात. दैवशाला त्यावर चढली आणि जास्त भरली. पहाटेच कल्याणप्पांनी चांगल्या काट्यावर तिला मोजली होती, तेव्हा ती बरोबर होती. तिच्यानंतर रणधीरची पुतणी शिवांजली चढली, ती भिंतीला हात टेकून. ती वजनात बसली. कल्याणप्पा ओरडले, भांडले, काटा उचलून आपटेन म्हणाले. रणधीर हसत म्हणाला, "आप्पा, नियम म्हंजी नियम." शिवांजली बिचारी राज्याच्या स्पर्धेला गेली, पहिल्या फेरीत नाकावर एक बसल्यावर रिंगच्या दोऱ्या उचलून खाली उतरली आणि परत येताना म्हणाली, काकांनीच मला ढकललं. तिला मी दोष देत नाही. काकाला देते.

दैवशाला शेडात आली आणि कल्याणप्पांना इतकंच म्हणाली, "मामा, ह्यांच्या दारात पुन्हा जायचं न्हाय. दुसरं दार दावा."

दुसरं दार होतं व्यावसायिक बॉक्सिंगचं. तिथं संघटनेची निवड नसते; लढती भरवणारा माणूस दोघींना बोलावतो, तिकीट लावून झुंजवतो. कल्याणप्पांचा पलटणीतला एक दोस्त हैदराबादला होता. त्याच्यामार्फत कृष्णराज नावाच्या अशाच एका माणसाचा फोन आला. त्याच्याकडं पुण्याची मोनिका म्हणून एक पोरगी होती, अजून न हरलेली. तिच्यासमोर उभी राहणारी ऐनवेळी आजारी पडली होती. फोन स्पीकरवर होता आणि मी तिथंच होते. तो म्हणाला, "बच्ची को बोलो, दो राउंड खडे रहना, फिर बैठ जाना. जास्ती हुशारी नक्को."

कल्याणप्पांनी फोन ठेवला. "हरायला बोलावलंय," ते म्हणाले. लपवलं नाही.

"बोलावलंय ना?" दैवशाला म्हणाली. "बास."

तिच्या कोपऱ्यात रक्त थांबवायला कुणीतरी जाणतं पाहिजे म्हणून त्यांनी मला बरोबर घेतलं. दवाखान्यात रजा टाकून मी गेले.

हैदराबादच्या एका हॉटेलचा लग्नाचा हॉल होता तो. मधे रिंग आणि भोवती गोल टेबलं. लोक कबाब खात होते. सोन्याच्या साखळ्या घातलेले, बायकांना घेऊन आलेले, एका बाईला दुसऱ्या बाईनं रक्तबंबाळ केलेलं बघायला आलेले सभ्य लोक. माइकवाल्यानं आमच्या पोरीचं नाव 'देवशीला' असं घेतलं आणि गाव 'उस्मानपूर' सांगितलं. कृष्णराज तर तिच्याशी बोललाच नाही. आचाऱ्यानं मांडवात आलेल्या कोंबड्यांशी कशाला बोलावं?

पहिल्या फेरीत मोनिकानं तिला पार झोडपलं. मोनिका लांब हाताची, शिकलेली बॉक्सर. त्यातच दोघींची डोकी आपटली आणि दैवशालाची भुवई फाटली. फेरी संपल्यावर ती कोपऱ्यात बसली. मी औषधाचा बोळा जखमेत दाबून धरला. कल्याणप्पा म्हणाले, "नोडू, बघ, ती लांबून मारती. लांब राहू नको. आत घुस."

टेबलावरचा एक जाडा माणूस ओरडला, "अरे, बिठाव उसको, बस हो गया!"

दैवशालानं त्याच्याकडं मान वळवली. रक्त तिच्या गालावरून ओघळत होतं. तिनं तोंडातलं पाणी बादलीत थुंकलं आणि मला विचारलं, "सिस्टर, ह्यो बी रणधीरच हाय का?"

दुसऱ्या फेरीत ती आत घुसली. डोकं खाली, खांदे गोळा, कळपाला रेटणाऱ्या मेंढ्यासारखी. तीन-चार ठोसे डोक्यावर घेतले आणि मग डाव्या हाताचा एक मोनिकाच्या उजव्या बरगडीखाली घातला. तो लागल्याचा आवाज मला दोऱ्यांबाहेर ऐकू आला. मोनिका दोन पावलं मागं गेली, जणू काही झालंच नाही, आणि मग एकदम गुडघ्यावर बसली. पंचानं दहापर्यंत मोजलं. हॉलमध्ये कुणीच टाळी वाजवली नाही. चमचे मात्र थांबले होते.

त्या सगळ्या हॉलात माणूस एकच निघालं, ती मोनिका. श्वास आल्यावर ती उठून आमच्या कोपऱ्यात आली आणि म्हणाली, "भारी मारलास गं. परत लढू." दैवशालानं तिला मिठी मारली. कृष्णराज आमच्या बाजूनंच गेला, पण मान दुसरीकडं करून. आणि आठवड्याभरात त्याचाच फोन, "अपनी दैवशाला कैसी है?"

पुढची चार वर्षं तिला सगळीकडं असंच बोलावलं गेलं. कुणाची तरी लाडकी पोरगी चमकवायची असायची, आणि समोर पडायला मराठवाड्यातली ही मेंढपाळाची पोर स्वस्तात मिळायची. जयपूर, गुरुग्राम, बंगळूर. एकदा पंचांनी उघडउघड लबाडी करून तिला हरवली. बाकी ती जिंकत गेली. शेवटी तिला टाळणं अवघड झालं आणि दिल्लीत तिनं तिच्या वजनाचा देशाचा पट्टा जिंकला. मोनिकानं त्या लढतीआधी महिनाभर शेडात राहून तिच्याबरोबर सराव केला होता. गजराबाईच्या हातच्या भाकरीवर. होय, गजराबाईच्याच. नाक तोवर दोनदा मोडलं होतं आणि आई त्यावर हळद लावण्यात तरबेज झाली होती.

मग उमरग्यात सत्कार ठरला. ठरवला कुणी? रणधीरनं. चौकात लावलेल्या बॅनरवर त्याचा फोटो हत्तीएवढा, आणि कोपऱ्यात पट्टा घेतलेली जी पोरगी होती ती दैवशाला नव्हतीच. कुणीतरी गोरी, परदेशी होती. मोबाइलवर सापडली ती चिकटवून दिली. चार दिवस तो बॅनर चौकात होता आणि त्याखालून जाणाऱ्या शहाण्या गावात एकालाही वाटलं नाही की हे बदलावं.

स्टेजवर रणधीर अर्धा तास बोलला. तिच्यातला गुण पहिल्यांदा मी ओळखला, म्हणाला. दवाखान्यातला प्रसंगही सांगितला, फक्त त्यात माफी नव्हती. त्यानं तर तिची पाठ थोपटली होती म्हणे! खाली पहिल्या रांगेत महारुद्र बसला होता. त्याच्या हातातली टोपी पिळवटून निघत होती.

दैवशालानं शाल घेतली, नारळ घेतला, माइक घेतला. "रणधीरभाऊ," ती म्हणाली, "शाळेमागं सरकारनं बॉक्सिंगचा हॉल बांधलाय. त्याची चावी कुणापाशी हाय?"

तो हसला. "बघू की. बसून बोलू निवांत."

"न्हाय. चावी येईस्तोवर मी इथनं हलत न्हाय."

आणि ती उभी राहिली. निवेदकानं माइक मागितला, तिनं दिला नाही. गाणं लावलं, तिनं वायर काढली. आधी लोक तिला हसले, मग थोड्या वेळानं रणधीरला हसायला लागले. त्या हसण्याचंही मला कौतुक नाही. हेच लोक वर्षानुवर्षं त्या कुलपासमोरून जात-येत होते. शेवटी रणधीरनं पुतण्याला मोटारसायकलवर पिटाळलं. चावी आली. तिनं ती खिशात घातली, नारळ टेबलावर ठेवला आणि खाली उतरून बापाशेजारी बसली. महारुद्रनं टोपी डोक्यावर घातली.

हॉलात काय निघालं? रणधीरच्या मंडपाची कापडं, भाड्यानं द्यायच्या खुर्च्या, त्याच्या सोयाबीनची पोती. आणि कोपऱ्यात सरकारी शिक्क्याच्या खोक्यात ग्लोव्हजचे जोड, एकदाही न घातलेले, उंदरांनी कुरतडलेले. दैवशालानं पोती रस्त्यावर मांडून ठेवली आणि निरोप धाडला, पाऊस यायच्या आत न्या. आता तिथं गावच्या अन् वाड्यावस्तीवरच्या पोरी येतात. कल्याणप्पा खुर्ची टाकून बसतात आणि कानडीत शिव्या देतात.

गेल्या हिवाळ्यात ती बँकॉकला गेली, आशियाच्या पट्ट्यासाठी. हरली. सरळ हरली, गुणांवर. तो दिवस रणधीरच्या टोळक्यानं दिवाळीसारखा साजरा केला. चहाच्या टपरीवर जो तो बॉक्सिंगचा मास्तर झाला. बाईच्या जातीला झेपत नाही, डोक्यात हवा गेली, तरी म्हणलं होतं. ज्यांना बसस्टँडचा जिना चढताना धाप लागते ते!

ती टाके काढायला माझ्याकडं आली, महारुद्रला घेऊन. मी चिमटा उकळत्या पाण्यातून काढता काढता म्हटलं, "गावात लई बोलायला लागलेत गं."

"बोलू द्या, सिस्टर. त्यांच्या तोंडाला दुसरं काम कुठं हाय?" तिनं डोळे मिटले. "त्या पोरीचा उजवा मला दिसतच नव्हता. खालनं यायचा. तेवढं शिकायचं राहिलंय."

मी भुवईवरचे टाके काढून पट्टी लावली. महारुद्र दाराशी उभा होता. त्यानं विचारलं, "दैवा, जी जिंकली ती पोरगी कुणाची गं?"

"तिथलीच हाय, आबा. खेड्यातली."

"तिचा बाप काय करतो?"

"इचारलं न्हाय."

"पुढच्या बारीला इचार," तो म्हणाला.

तिनं मान डोलावली, भुवईवरची पट्टी आरशात बघितली आणि बापाला स्कूटीवर मागं बसवून हॉलकडं निघून गेली.