मापं परत म्हणणारा माणूस

शिवणमावशींनी मोठी कात्री तेल लावून फडक्यात गुंडाळली, तेव्हाच भाचीच्या लक्षात आलं की प्रकरण गंभीर आहे.

"दुकान बंद करतेय," मावशी म्हणाल्या. "डोकं चालेनासं झालंय. उद्या कुणाच्या कापडाचं वाटोळं करायचं, त्यापेक्षा आजच पुरे."

वाटोळं झालं होतं ते शेजारच्या शाळेतल्या बाईंच्या कोटाचं. सगळी मापं घेऊन मावशी कापायच्या टेबलाशी जाईपर्यंत बाईंनी आपल्या दाढदुखीचं पुराण लावलं. मावशी "हो का, हो का" करत राहिल्या आणि कागदावर बाहीच्या जागी पाठीची रुंदी उतरली. बाह्या कोपराखाली जेमतेम पोचल्या. बाई रागावल्या असत्या तर परवडलं असतं, पण त्या म्हणाल्या, "असू दे, उन्हाळ्यात बरा." वर नवं कापडही आणून दिलं. तेच आता घडी करून टेबलावर ठेवलं होतं, परत द्यायला.

भाची मानसशास्त्र शिकत होती. तिने स्टूल ओढलं. "मी आकडे सांगते. तू तसेच म्हणून दाखव."

सहा आकडे मावशींनी खडाखडा म्हटले. सातला अडखळल्या. आठला हात टेकले.

"बघितलंस? गेलंच डोकं."

"माझीही गाडी तिथेच अडते, मावशी. अल्पकालीन स्मृती म्हणतात तिला. ओंजळीएवढीच असते. मनात घोकत राहिलं तर टिकतं. मध्ये कुणी दाढ काढली, की काही सेकंदांत सांडतं. सगळ्यांचंच."

"मग इतकी वर्षं माझं कसं नाही सांडलं?"

"काका होते तेव्हा कशी घ्यायचीस मापं?"

मावशी टेबलामागच्या रिकाम्या खुर्चीकडे बघू लागल्या. त्या टेप लावून आकडा म्हणायच्या आणि काका तो परत म्हणून लिहायचे. "छत्तीस." "छत्तीस." जन्मभर मावशी त्यावर वैतागल्या होत्या. "ऐकू येतं ना? मग राघूसारखं काय बोलता?" त्यावर काका पेन्सिल टेकवून शांतपणे म्हणायचे, "राघू."

"म्हणजे मला कधी लक्षात ठेवावंच लागलं नाही," मावशी हळूच म्हणाल्या.

"एका वेळी एक आकडा. तोही दोघांत."

"सांगायचं तरी," मावशी खुर्चीला म्हणाल्या.

संध्याकाळी बाई आल्या. मावशींनी कापड परत दिलं नाही. बाईंना टेबलाजवळच उभं केलं.

"मी आकडा म्हणेन, तुम्ही तो परत म्हणायचा. मी लिहीपर्यंत दुसरं काही बोलायचं नाही. दाढेचंसुद्धा नाही."

खांदे झाले, पाठ झाली, बाही झाली. बाई शाळेतल्या पोरीसारख्या आकडे म्हणत होत्या.

"कंबर, सदतीस."

बाई गप्प.

"म्हणा."

"पस्तीस म्हटलं तर चालेल?"

"मला चालेल. बटणांना नाही चालणार."

भाची तोंड फिरवून हसली. "सदतीस," बाई पुटपुटल्या.

मावशी काकांच्या खुर्चीत बसल्या. वर्षभरात पहिल्यांदाच.

"सदतीस," त्यांनी परत म्हटलं आणि लिहिलं.